जन्माआधी अन्ननलिकेची तीन अस्तरे आणि जठराचे एक

सूक्ष्मदर्शी

नमस्कार. मी तीस वर्षांहून अधिक काळ वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकवले. आमच्या विभागाच्या शिकवण्याच्या संचात एक काचपट्टी होती. ती मी दरवर्षी मुलांना कोणतीही माहिती न देता मुद्दाम पाहायला देत असे. गुलाबी-जांभळ्या रंगवलेल्या त्या छेदाच्या मध्यभागी चांदणीच्या आकाराची पोकळी दिसे, तिच्याभोवती फिकट, फुगीर पेशींचे चार-पाच थर असत, आणि भिंग मोठे केले की पृष्ठभागावर काही ठिकाणी बारीक लव उभी दिसे. मुले ठामपणे सांगत, "मॅडम, ही श्वासनलिका आहे." अशी लव, म्हणजे पक्ष्माभिका, ही श्वासनलिकेची खूण म्हणून ती शिकलेली असत. मग मी त्यांना छेदाच्या बाहेरच्या बाजूकडे सरकायला सांगे. तिथे श्वासनलिकेला असते तशी कूर्चेची कडी नसे. स्नायूंचे दोन थर असत, आतला गोलाकार आणि बाहेरचा उभा. ती पाचव्या महिन्यातील गर्भाची अन्ननलिका होती.

हा धागा त्या लवेविषयी आहे. गर्भाचे अवयव आरंभापासून मोठ्या माणसाच्या अवयवांसारखेच, फक्त आकाराने लहान असतात, अशी समजूत शिकलेल्या लोकांतही आढळते. अन्ननलिकेच्या बाबतीत ती पूर्णपणे चुकीची आहे. जन्मापर्यंत तिचे अस्तर तीन निरनिराळ्या रूपांतून जाते आणि प्रत्येक वेळी आधीचे अस्तर बाजूला सारून नवे येते.

चौथ्या आठवड्यात भ्रूणाचे चपटे पान दुमडून नळीसारखे होते आणि आतला थर, म्हणजे अंतःस्तर, या नळीचे अस्तर बनतो. नळीच्या पुढच्या भागाच्या पोटाकडील बाजूने एक कोंब फुटतो. हा श्वसनमार्गाचा आरंभ. पाठीकडचा भाग अन्ननलिका होतो. त्या वेळी ती अगदी आखूड असते. मान आणि छाती वाढते तशी ती लांबत जाते आणि सातव्या आठवड्यापर्यंत शरीराच्या प्रमाणात तिची लांबी पूर्ण होते. त्या काळात तिचे अस्तर उभट, स्तंभासारख्या पेशींचे असते. या पेशी इतक्या वेगाने वाढतात की सातव्या-आठव्या आठवड्यात पोकळी जवळजवळ भरून जाते. मग पेशींच्या गर्दीत लहान-लहान पोकळ्या पडतात, त्या एकमेकींना मिळतात आणि मार्ग पुन्हा मोकळा होतो. आता पृष्ठभागावर पक्ष्माभिका असलेल्या पेशी येतात. त्या प्रथम मधल्या भागात दिसतात आणि तेथून वर व खाली पसरतात. हे दुसरे अस्तर. चौथ्या-पाचव्या महिन्यात तिसऱ्याचा आरंभ होतो. पुन्हा मधल्याच भागात सपाट पेशींचे अनेक थर तयार होऊ लागतात आणि वर-खाली सरकत लवेच्या पेशींची जागा घेतात. कठीण घास, गरम चहा, चुकून गिळलेला माशाचा काटा हे सारे पुढे आयुष्यभर सोसायचे असते, ते या तिसऱ्या अस्तराला.

जठराचे तसे नाही. तिथे उभट पेशींचे अस्तर कायम राहते, त्याला सपाट पेशींचे रूप कधीच येत नाही. बदल होतो तो खोलीत. सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास पृष्ठभागावर बारीक खड्डे पडू लागतात. तिसऱ्या महिन्यात या खड्ड्यांच्या तळाशी ग्रंथी खाली उतरतात, आणि त्या ग्रंथींत आम्ल करणाऱ्या पेशी, पेप्सिनोजेन हे पचनाला लागणारे प्रथिन करणाऱ्या पेशी, संप्रेरके सोडणाऱ्या पेशी अशी कामाची वाटणी होते. अन्ननलिकेचे अस्तर थरावर थर रचत जाते आणि जठराचे अस्तर स्वतःत खोल जाते. एकाच अंतःस्तराची ही दोन रूपे जिथे भेटतात, तिथे मोठ्या माणसात एक वेडीवाकडी रेषा दिसते. दुर्बिणीतून पाहिले असता रेषेच्या वर फिकट मोतिया रंग असतो आणि खाली सामनमाशासारखा तांबूस.

ज्यांना काही विचारायचे, सांगायचे किंवा दुरुस्त करायचे असेल, त्यांनी अवश्य लिहावे.

सांजवात

ताई, लेख अतिशय आवडला. एक शंका आहे. माझ्या सोनोग्राफीच्या अहवालात आठवडे लिहिलेले असतात ते आणि आपण लिहिलेले आठवडे एकच का? मी सध्या बावीस आठवड्यांची गरोदर आहे, म्हणून वाचताना सतत स्वतःचा हिशोब करत होते.

सूक्ष्मदर्शी

सांजवात, शंका अगदी योग्य आहे आणि हे मी आरंभीच लिहायला हवे होते. स्त्रीरोगतज्ज्ञ आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, भ्रूणशास्त्राची पुस्तके फलनापासून मोजतात. दोहोंत साधारण दोन आठवड्यांचे अंतर असते. मी दिलेले आकडे फलनापासूनचे आहेत. म्हणजे तुमचे बावीस ते माझ्या हिशोबाने वीस. तुमच्या बाळाच्या अन्ननलिकेत या घडीला लवेच्या पेशी आणि सपाट पेशी शेजारी-शेजारी नांदत असतील, अगदी माझ्या काचपट्टीतल्यासारख्या. प्रकृतीची काळजी घ्या.

सांजवात

मनापासून आभार. हे वाचून फार छान वाटले. आणखी एक विचारते. मला पित्ताचा फार त्रास आहे, रात्री छातीत जळजळते. त्या आम्लाचा बाळाच्या जठरावर किंवा अन्ननलिकेवर काही परिणाम होतो का?

अन्नमार्ग

मी पोटविकारतज्ज्ञ आहे, म्हणून याचे उत्तर देतो. होत नाही. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडते, पुढच्या महिन्यांत गर्भाशयाचा दाबही वाढतो, आणि त्यामुळे आम्ल वर येते. ते आम्ल आपल्याच अन्नमार्गात राहते. गर्भापर्यंत जात नाही. रात्री लवकर व थोडे जेवावे, उशाकडची बाजू उंच करावी, आणि औषध आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

कऱ्हेकाठ

गर्भ तर काही खात नाही. मग जठरात आम्ल करणाऱ्या पेशी इतक्या लवकर, तिसऱ्याच महिन्यात, कशासाठी तयार होतात?

सूक्ष्मदर्शी

पेशी तयार होणे आणि तिने पूर्ण जोमाने काम करणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आम्ल करणाऱ्या पेशी तिसऱ्या महिन्यात ओळखू येतात, परंतु आम्ल खऱ्या अर्थाने स्रवू लागते ते जन्माच्या सुमारास. जन्मलेल्या बाळाच्या जठरातील द्रव जवळजवळ उदासीन असतो, कारण त्यात गिळलेले गर्भजल असते. पुढच्या काही तासांत त्याची आम्लता वाढत जाते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ही वाढ संथ असते.

गर्भ अन्न खात नाही हे खरे, पण तो गिळतो. तिसऱ्या महिन्यापासून तो गर्भजलाचे घुटके घेऊ लागतो, आणि दिवस भरत आले की दिवसाला साधारण अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक गर्भजल त्याच्या अन्ननलिकेतून जठरात उतरते. या पाण्यात वाढीला चालना देणारी प्रथिनेही असतात. आपण सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळाच्या पोटात डावीकडे जो काळा गोल पाहतो, तो गिळलेल्या पाण्याने भरलेले जठर असते.

टाकादोरा

मी बालशल्यविशारद आहे. सूक्ष्मदर्शी यांनी चौथ्या आठवड्यातील ज्या कोंबाचा उल्लेख एका वाक्यात केला, त्याच ठिकाणी आमचे काम सुरू होते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

श्वासनलिका आणि अन्ननलिका यांची ताटातूट नीट झाली नाही, तर अन्ननलिका मध्येच तुटलेली राहते. साधारण तीन ते साडेचार हजार जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो. त्याचे अनेक प्रकार आहेत, परंतु सुमारे ८५ टक्के बाळांत एकच रचना असते : वरचा तुकडा आंधळ्या पिशवीसारखा संपतो आणि खालचा तुकडा श्वासनलिकेला जोडलेला असतो. बाळ जन्मल्यावर तोंडातून सतत फेस येतो, पाजायला घेतले की ठसका लागतो, अंग निळे पडते. अशा वेळी तोंडातून जाडसर नळी घालून पाहतात. ती दहा-बारा सेंटिमीटरवर अडते, आणि क्ष-किरण चित्रात वरच्या पिशवीत वेटोळे घालून बसलेली दिसते. त्याच चित्रात पोटात हवा दिसली, तर खालचा तुकडा श्वासनलिकेला जोडलेला आहे हे कळते, कारण हवा त्याच वाटेने पोटात पोचलेली असते.

या दोषाची नोंद सतराव्या शतकापासून आहे. १६९७ मध्ये थॉमस गिब्सन यांनी आज आपण पाहतो तीच नेहमीची रचना लिहून ठेवली. परंतु दोन्ही टोके थेट जोडण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया व्हायला १९४१ उजाडले. ती अमेरिकेत मिशिगनमध्ये कॅमेरॉन हाइट यांनी केली. मधल्या जवळजवळ अडीचशे वर्षांत हा दोष ओळखता येत होता आणि बाळ जवळजवळ कधीच वाचत नव्हते. मी जेव्हा जेव्हा या शस्त्रक्रियेला उभा राहतो, तेव्हा ही गोष्ट मला आठवते.

कऱ्हेकाठ

सोनोग्राफीत हे आधी कळत नाही का?

टाकादोरा

कधी कळते, कधी निसटते, आणि निसटण्यामागे कारण आहे. बाळाला गिळता आले नाही तर गर्भजल साचत जाते आणि जठराचा तो काळा गोल लहान दिसतो किंवा दिसतच नाही. हे दोन्ही एकत्र आढळले तर शंका घ्यावी लागते. परंतु नेहमीच्या प्रकारात खालचा तुकडा श्वासनलिकेला जोडलेला असल्याने पाणी त्या आडवाटेने जठरात पोचू शकते, आणि जठरही स्वतःचा द्रव सोडतेच. त्यामुळे गोल दिसतो आणि दोष झाकला जातो. शिवाय पाणी वाढते ते बहुधा सहाव्या-सातव्या महिन्यानंतर, म्हणजे अनेकांची व्यंगतपासणी होऊन गेल्यावर.

पायवाट

मी या धाग्यावर पालक म्हणून लिहीत आहे. आमची मुलगी आता नऊ वर्षांची आहे. सातव्या महिन्यात सोनोग्राफीनंतर "पाणी जरा जास्त आहे" एवढेच आम्हाला सांगण्यात आले. त्याचा अर्थ काय, पुढे कोणती तपासणी करावी, प्रसूती बालशल्यविशारद असलेल्या ठिकाणी करावी का, यांपैकी काहीही कोणी समजावले नाही, आणि आम्हालाही विचारायचे सुचले नाही. मुलगी जन्मल्यावर तिला दूध पाजण्याचा प्रयत्न झाला, ती निळी पडली, आणि मग रात्रीतून नव्वद किलोमीटर दुसऱ्या शहरात न्यावे लागले. रुग्णवाहिकेत परिचारिका दर काही मिनिटांनी तिच्या तोंडातला फेस ओढून काढत होती. त्या ओढण्याचा आवाज माझ्या कानांतून अजून गेलेला नाही. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि ती वाचली.

माझा प्रश्न असा. तिला आजही आम्ल वर येण्याचा त्रास आहे, आणि डॉक्टर मधूनमधून दुर्बिणीने तपासतात. अन्ननलिका जोडून झाली असताना तिच्या अस्तराची काळजी अजूनही का करावी लागते?

टाकादोरा

तुमच्या मुलीला अनेक आशीर्वाद. या मुलांत टोके जोडली गेली तरी अन्ननलिकेची हालचाल जन्मापासूनच कमकुवत असते, कारण तिच्या भिंतीतील मज्जातंतूंचे जाळेही त्याच बिघडलेल्या काळात घडलेले असते. घास खाली ढकलण्याची आणि वर आलेले आम्ल परत लोटण्याची ताकद कमी पडते. सपाट पेशींचे अस्तर घर्षण सोसते, आम्ल फार काळ सोसत नाही. वर्षानुवर्षे आम्ल लागत राहिले तर खालच्या भागात अस्तर पुन्हा उभट पेशींचे होऊ शकते आणि अशा अस्तरात पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून दुर्बिणीची तपासणी मोठेपणीही चालू ठेवावी. त्रास नाही म्हणून ती सोडू नये, एवढे आवर्जून सांगतो.

सूक्ष्मदर्शी

पायवाट, आपण हे लिहिलेत याबद्दल मी ऋणी आहे. "पाणी जास्त आहे" या तीन शब्दांच्या मागे किती भ्रूणशास्त्र आहे, हे विद्यार्थ्यांना कळावे म्हणून मी आयुष्यभर शिकवले. सांगणाऱ्याने ते समजावून सांगायला हवे होते. आपल्याला विचारायचे सुचले नाही, याचा दोष आपण स्वतःकडे घेऊ नये.

टाकादोरा यांच्या प्रतिसादातील "पुन्हा उभट पेशींचे" हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. बॅरेट यांच्या नावाने ओळखली जाणारी ही अवस्था म्हणजे अन्ननलिकेने आपल्या गर्भावस्थेतील पहिल्या अस्तराकडे परत जाणे होय, असे मी शिकवत आले.

अन्नमार्ग

येथे मला आदरपूर्वक मतभेद नोंदवायचा आहे. साम्य आहे, परंतु त्याला परत जाणे म्हणता येईल का, याविषयी मी साशंक आहे. या प्रश्नाचा इतिहासही बोलका आहे. नॉर्मन बॅरेट हे लंडनचे शल्यविशारद. १९५० मध्ये त्यांनी असे मांडले की उभट पेशींचे अस्तर असलेला तो भाग अन्ननलिकेचा नव्हेच, ते छातीत ओढले गेलेले जठर आहे आणि अन्ननलिका जन्मतःच आखूड आहे. १९५३ मध्ये अॅलिसन आणि जॉनस्टोन यांनी दाखवले की बाहेरची रचना पाहता तो भाग अन्ननलिकाच आहे, फक्त अस्तर जठरासारखे आहे. १९५७ मध्ये बॅरेट यांनी ते मान्य केले. तरीही हे अस्तर जन्मजात असावे, हा विचार बराच काळ टिकला. पुढे १९७० मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत आम्ल वर येऊ दिल्यावर खरवडलेल्या भागात उभट पेशी भरून आल्या, तेव्हा हे अस्तर नंतर मिळवलेले असू शकते याला बळ मिळाले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेशींच्या सविस्तर अभ्यासात तर बोट जठराच्या तोंडाजवळील पेशींकडे दाखवले आहे. म्हणजे अन्ननलिका मागे जात नसून जठराच्या पेशी वर सरकत असाव्यात.

सूक्ष्मदर्शी

आपले म्हणणे मला पटते. "परत जाणे" हा शब्द शिकवायला सोयीचा होता, पण पुराव्यापुढे तो टिकत नाही. तो मी मागे घेते. उभट अस्तर गर्भात आधी असते हे खरे, आणि मोठेपणी ते पुन्हा दिसते हेही खरे. परंतु या दोहोंमध्ये सरळ रेघ ओढण्याची घाई माझ्याकडून झाली.

परदेशस्थ

मी मूळची नाशिकची, सध्या परदेशात मूलपेशींवर, म्हणजे ज्यांपासून निरनिराळ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात अशा पेशींवर, संशोधन करते. या चर्चेला प्रयोगशाळेच्या बाजूने थोडी भर घालते.

पेशींना आपण कोण व्हायचे हे कसे कळते, याची काही उत्तरे आता हाती आहेत. चौथ्या आठवड्यातील त्या एकाच नळीत पाठीकडच्या पेशींत सॉक्स-२ हे प्रथिन जास्त असते, त्या अन्ननलिकेकडे जातात. पोटाकडच्या पेशींत एनकेएक्स २-१ जास्त असते, त्या श्वासनलिकेकडे. उंदरांत हा तोल बिघडवला की ताटातूट बिघडते. दुसरे प्रथिन पी-६३. ज्या उंदरांत ते मुळीच नसते, त्यांची अन्ननलिका जन्माच्या वेळीही उभट आणि लवेच्या पेशींचीच असते, सपाट थर येतच नाहीत. ताईंच्या काचपट्टीतील दृश्य तिथेच गोठून राहते म्हणा ना.

पेशी एकट्याने ठरवत नाहीत, हेही महत्त्वाचे आहे. अस्तराखालची सैल ऊती त्यांना सतत निरोप देत असते. कोंबडीच्या भ्रूणात ग्रंथी असलेले जठर आणि दाणे भरडणारी पेषणी असे दोन भाग असतात. पेषणीचे अस्तर काढून ते ग्रंथिल जठराच्या ऊतीवर ठेवले तर त्यात ग्रंथी उगवतात. अस्तर बदलले नव्हते. बदलली होती ती त्याखालची जमीन.

२०१४ मध्ये सिनसिनाटीतील संशोधकांनी मानवी मूलपेशींना हेच निरोप योग्य क्रमाने देऊन सुमारे ३४ दिवसांत जठराच्या खालच्या भागाचे इवले गोळे वाढवले. त्यांत खड्डे होते, ग्रंथी होत्या, श्लेष्म होता. त्यात त्यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जंतू सोडून पाहिले, तेव्हा अस्तराने खऱ्या जठरासारखा प्रतिसाद दिला. आम्ल करणाऱ्या पेशी असलेला जठराचा वरचा भाग साधायला २०१७ उजाडले आणि अन्ननलिकेचे गोळे २०१८ मध्ये आले. सपाट पेशींचे थर बशीत एकावर एक चढताना मी प्रथम पाहिले, तेव्हा कितीतरी वेळ भिंगावरून डोळा हलवला नव्हता.

कऱ्हेकाठ

धाग्याचा विषय माझ्यासाठी अचानक घरचा झाला आहे. माझ्या वडिलांची काल दुर्बिणीची तपासणी झाली. अहवालात लिहिले आहे की अन्ननलिकेच्या अगदी वरच्या भागात जठराच्या अस्तराचा एक ठिपका आहे. जठर इतके खाली आणि त्याचे अस्तर घशाजवळ कसे? आम्ही घाबरलो आहोत.

अन्नमार्ग

घाबरू नये. असा ठिपका अनेकांत असतो आणि बहुधा निरुपद्रवी असतो. क्वचित त्यातून आम्ल स्रवते आणि घशात काही अडकल्यासारखे वाटते; तसे असेल तर त्यावर औषध आहे. वडिलांना गिळताना त्रास होतो का, एवढे आपल्या डॉक्टरांना सांगावे.

सूक्ष्मदर्शी

आणि तो तिथेच का, याचे उत्तर याच धाग्यात वर आले आहे. सपाट पेशींचे अस्तर मधून निघते आणि वर-खाली पसरते. वरचे टोक त्याच्या वाटेवर सर्वांत शेवटी येते. तिथे क्वचित एखादा तुकडा झाकायचा राहून जातो आणि जुन्या उभट पेशी जठराच्या अस्तराचे रूप घेऊन तशाच राहतात. येथे मात्र, अन्नमार्ग यांची हरकत नसेल तर, गर्भावस्थेपर्यंत सरळ रेघ ओढायला मी धजते.

अन्नमार्ग

येथे हरकत नाही. हाच प्रकार आतड्यातही होतो. भ्रूणाला पीतककोशाशी, म्हणजे त्याच्या बाहेरच्या एका पिशवीशी, जोडणारी नळी सहसा दुसऱ्या महिन्याच्या शेवटापर्यंत नाहीशी होते. साधारण दोन टक्के लोकांत तिचा एक कोनाडा लहान आतड्याला चिकटून राहतो, त्याला मेकेल यांचे नाव आहे. त्या कोनाड्यात कधी कधी जठराचे अस्तर असते आणि ते आम्ल सोडते. शेजारच्या आतड्याला ते आम्ल सोसत नाही, व्रण पडतो आणि लहान मुलाच्या शौचातून वेदनेशिवाय रक्त जाते. टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याची सुई देऊन छायाचित्र काढले की जठर आणि तो कोनाडा दोन्ही एकाच वेळी उजळतात, कारण अस्तर एकच असते.

कऱ्हेकाठ

वडिलांना वाचून दाखवले. म्हणाले, "म्हणजे सत्त्याहत्तर वर्षे हा ठिपका माझ्याबरोबर आहे." त्यांना गिळताना काही त्रास नाही. आज सकाळी त्यांनी नेहमीसारखी भाकरी खाल्ली.